पगार वाढवला, तरी ‘इथे दुजाभाव चालतो’ ही तक्रार का उरते?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगली-मिरज रस्त्यावरच्या, ट्रस्टतर्फे चालणाऱ्या ११० खाटांच्या एका रुग्णालयात प्रशासनाचे काम पाहते. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि कोणी ओळखले तरी येथे लिहू नये ही विनंती.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या विश्वस्तांनी बऱ्याच वर्षांनी सरसकट पगारवाढ केली. परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डातले मामा आणि मावशी, नोंदणीच्या खिडकीवरच्या मुली, अशा सर्वांना दरमहा दोन हजार रुपये वाढले. रक्कम मोठी नाही हे मान्य, पण आमच्या ताळेबंदाकडे पाहता ती लहानही नव्हती. आता कुरबुर थांबेल असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात जूनमध्ये आम्ही जिन्याखाली सूचनापेटी ठेवली आणि तिच्यात ज्या चिठ्ठ्या आल्या त्या वाचून मी चक्रावले. ‘पगार कमी आहे’ असे लिहिणारे थोडेच होते. बहुतेकांनी लिहिले होते ते ड्युटी लिस्टबद्दल, रजेबद्दल, कोणाला ‘मॅडमच्या मर्जीतली’ म्हणतात त्याबद्दल, आणि एकाने तर केवळ एवढेच लिहिले होते की डॉक्टरांच्या चहाचे कप वेगळे का असतात.

पगारवाढीवरही नाराजी होतीच, परंतु ती वेगळ्याच अंगाने. बारा वर्षे काढलेल्या सिस्टरला दोन हजार आणि मागच्या दिवाळीत आलेल्या मुलीलाही दोन हजार, हे जुन्यांना पटलेले नाही. त्यात भर अशी की नव्या मुलींना घेताना आम्हाला बाजारभावाने घ्यावे लागते, त्यामुळे नवीन सिस्टरचा पगार जुन्या सिस्टरच्या पगाराला जवळजवळ टेकलेला आहे. रात्रीच्या निवासी डॉक्टरांमध्येही एमबीबीएस आणि बीएचएमएस यांच्या पगारात मोठा फरक आहे, आणि रात्री दोन वाजता वॉर्डातून हाक आली की धावायचे मात्र दोघांनाही असते. पगार कोणी कोणाला सांगू नये असा आमचा नियम आहे. तो किती पाळला जातो हे रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

मिरजेत माणूस टिकवणे हा साधा प्रश्न नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशनचे रुग्णालय उभे केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि त्यांच्या आजूबाजूने आज इतकी लहानमोठी रुग्णालये उभी आहेत की नाराज झालेली सिस्टर रस्ता ओलांडून पलीकडे रुजू होऊ शकते. म्हणून विश्वस्तांनी मला सांगितले आहे की कर्मचाऱ्यांना नेमके काय अन्यायाचे वाटते ते शोधून काढा. एक प्रश्नावली करावी असा विचार आहे. ज्यांनी रुग्णालयात काम केले आहे, किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे की विचारायचे काय आणि कसे.

निवृत्त अधिसेविका

ताई, मी शासकीय सेवेत अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका, सहायक अधिसेविका असे करत अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे ड्युटी लिस्टच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे. आपल्या पेटीतल्या चिठ्ठ्या वाचून मला नवल वाटले नाही. पगार महिन्यातून एकदा दिसतो, ड्युटी लिस्ट रोज दिसते.

सुरुवातीला मी यादी एका वहीत करून ती माझ्या खणात ठेवत असे आणि महिन्याच्या अखेरीस वाचून दाखवत असे. माझ्या मते ती अगदी चोख होती, कारण प्रत्येकीच्या रात्री मोजून मी समान केलेल्या असत. तरीही दर महिन्याला डोळ्यांत पाणी आणून कोणीतरी समोर उभी राहायचीच. मग एका वर्षी मी ती मोजदाद खणातून काढून कपडे बदलण्याच्या खोलीत टांगली. प्रत्येकीच्या नावापुढे वर्षभरातल्या रात्री, रविवार आणि सणांचे दिवस असे तीन रकाने होते. रात्री किती पडल्या यावरून होणारी भांडणे दोन-तीन महिन्यांत जवळजवळ संपली. त्यानंतर मात्र एक नवी तक्रार आली, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. मेडिसिन वॉर्डातली रात्र आणि नेत्र वॉर्डातली रात्र मी एकाच रकान्यात मोजत होते. एकीकडे रात्रभर सलाईन, ऑक्सिजन आणि नातेवाइकांची गर्दी, तर दुसरीकडे शस्त्रक्रिया झालेले सहा रुग्ण शांत झोपलेले. संख्या समान होती, पण झीज समान नव्हती. चौथा रकाना त्यानंतर वाढला.

सणांचे गणित तर आणखी अवघड. आमच्याकडे ख्रिस्ती सिस्टर बऱ्याच होत्या. गौरी-गणपतीत त्या रात्री सांभाळत आणि नाताळात आम्ही. हे कोणत्याही परिपत्रकात नव्हते, पण सगळ्याजणी ते मानत. मुस्लिम सिस्टर मात्र दोघीच, आणि ईद ठरते चंद्रावर. यादी महिनाअखेरीस व्हायची, चंद्र आदल्या संध्याकाळी दिसायचा, त्यामुळे त्या दोघींची अदलाबदल कधीच आधी ठरत नसे आणि ऐन वेळी कोणी तयार होत नसे. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. यादी करण्याची पद्धतच अशी होती की तिचा फटका दर वर्षी त्याच दोघींना बसावा. पुढे आम्ही ईदच्या आगेमागे दोन दिवस त्यांची नावे राखीव ठेवू लागलो. हा उपाय सुचवला त्या दोघींतल्याच एकीने, मी नव्हे.

माझ्या हातून झालेली एक चूकही लिहिते. एक अविवाहित मुलगी होती, तिला मी सलग तीन वर्षे लक्ष्मीपूजनाची रात्र दिली. बाकीच्यांना घर होते, लहान मुले होती, सासर होते. ‘हिला काय अडचण असणार’ हे मी मनात धरूनच चालले होते. ती नोकरी सोडून गेली तेव्हा निरोपाला म्हणाली, “मॅडम, यादी वाचताना तुम्ही माझ्या नावापाशी थांबतसुद्धा नव्हता.” ड्युटीबद्दल तिने एक शब्दही काढला नाही. गावाकडे तिचे वडील एकटे होते, हे मला त्या दिवशी कळले.

शासकीय सेवेतही सर्व आलबेल असते असे समजू नका. आमच्याकडे १ नोव्हेंबर २००५ ही एक अदृश्य भिंत आहे. त्याआधी लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन, नंतर लागलेल्यांना नवी अंशदायी योजना. एकाच टेबलावर औषधे काढणाऱ्या दोन सिस्टरांमध्ये सहा महिन्यांच्या फरकाने ही भिंत उभी राहिलेली मी पाहिली आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यभर सात दिवस जो संप झाला त्याच्या घोषणेत पैसा होता हे खरेच, परंतु वॉर्डात बोलताना ऐकू यायचे ते ‘आमचं काम काय वेगळं आहे का?’ हेच.

अजिंक्यताऱ्याखालचा

मी साताऱ्यात व्यवस्थापनशास्त्र शिकवतो. रुग्णालय कर्मचाऱ्यांची न्यायाविषयीची भावना हा माझ्या वाचनाचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या दोन हजारांच्या कोड्याचा पहिला उलगडा जे. स्टेसी अ‍ॅडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात केला. त्याचे म्हणणे असे की माणूस आपल्याला किती मिळाले एवढेच पाहत नाही, तर आपण जे घातले आणि आपल्याला जे मिळाले त्यांचे प्रमाण शेजाऱ्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. बारा वर्षे घातलेल्या सिस्टरच्या दृष्टीने सरसकट वाढ ही समान वाढ नसून तिच्या बारा वर्षांची किंमत शून्य धरणारी वाढ आहे. आणि तिचा ‘शेजारी’ कोण, हे आपण ठरवू शकत नाही. ती नव्या मुलीकडे पाहील, शासकीय रुग्णालयातल्या मैत्रिणीकडे पाहील, किंवा बारा वर्षांपूर्वीच्या स्वतःकडे पाहील.

यातून एक व्यावहारिक मुद्दा निघतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटा असल्यास राज्य शासनाच्या समकक्ष परिचारिकेइतके वेतन, शंभरहून अधिक असल्यास त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, पन्नास ते शंभर असल्यास पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, आणि पन्नासहून कमी असल्यास किमान वीस हजार रुपये. या शिफारशी आहेत, आपोआप लागू होणारा कायदा नव्हे. तथापि आपल्या ११० खाटांना कोणती ओळ लागू पडते हे आपल्या सिस्टरांना नक्की माहीत असेल. विश्वस्तांनाही ते माहीत असलेले बरे.

दुसरा उलगडा अधिसेविकाबाईंच्या अनुभवात आला आहे. थिबो आणि वॉकर या दोघांनी १९७५ मध्ये न्यायालयीन वादांचा अभ्यास करून दाखवले की निकाल विरुद्ध गेला तरी आपली बाजू मांडायला मिळाली असेल तर लोक तो निकाल अधिक सहजपणे स्वीकारतात. पुढे १९८० मध्ये लेव्हेंथाल याने न्याय्य पद्धतीच्या सहा कसोट्या सांगितल्या. नियम सर्वांना सारखा हवा, ठरवणाऱ्याचा स्वार्थ त्यात नको, माहिती अचूक हवी, चूक दुरुस्त करण्याची सोय हवी, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचे म्हणणे त्यात यायला हवे आणि नीतीला धरून हवे. कपडे बदलण्याच्या खोलीत टांगलेली ती मोजदाद यांतल्या तीन-चार कसोट्या एकदम पूर्ण करते. ईदचा उपाय सुचवणारी सिस्टर पाचवी पूर्ण करते. आणि लक्ष्मीपूजनाची रात्र मिळालेली मुलगी जे बोलली, त्याला १९८६ मध्ये बीज आणि मोग यांनी वेगळे नाव दिले. निर्णय चोख असला तरी तो कळवताना समोरच्याला माणूस म्हणून वागवले की नाही, हा न्यायाचा आणखी एक भाग आहे. आपल्या चिठ्ठीतला चहाचा कप याच भागात मोडतो.

हा केवळ मन दुखावण्याचा विषय नाही. फिनलंडमध्ये एलोव्हाइनिओ, किविमाकी आणि वाहतेरा यांनी चार हजारांहून अधिक रुग्णालय कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्यांना निर्णयपद्धती किंवा वरिष्ठांची वागणूक अन्यायकारक वाटत होती त्यांच्यात आजारपणाच्या रजा आणि मानसिक त्रास अधिक आढळला. आपल्या हजेरीपत्रकात वैद्यकीय रजा कोणत्या वॉर्डात साचल्या आहेत ते एकदा पाहावे, प्रश्नावलीआधीच काही उत्तरे तेथे मिळतील.

आता प्रश्नावली. कॉलक्विट या संशोधकाची २००१ ची वीस प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरली जाते आणि तिच्यात वाटप, पद्धत, वागणूक आणि माहिती असे चार भाग वेगळे मोजता येतात. तिचा आधार घ्यावा, मात्र शब्दशः भाषांतर करू नये. ‘आपल्याला न्याय मिळतो असे वाटते का?’ असे विचारले की आपल्याकडच्या माणसाला कोर्टाची पायरी दिसते आणि तो घाबरून ‘होय’वर खूण करतो. वॉर्डात बोलले जाणारे शब्द दुजाभाव, वशिला, मर्जीतली माणसे, झुकते माप हे आहेत. ‘रजा देताना झुकते माप दिले जाते का?’ असे विचारा.

निनावीपणाचीही काळजी घ्यावी. क्ष-किरण विभागात दोनच तंत्रज्ञ असतील तर विभागाचे नाव लिहायला लावणे म्हणजे सही घेण्यासारखेच आहे. लहान विभाग एकत्र करा, आणि कागद इनचार्ज सिस्टरच्या हातून वाटू किंवा गोळा करू नका.

जाता जाता ग्रीनबर्ग या संशोधकाचा एक प्रयोग सांगतो. चार रुग्णालयांतील ४६७ परिचारिकांवरचा हा अभ्यास २००६ चा आहे. दोन रुग्णालयांत वेतनपद्धती बदलून परिचारिकांचे उत्पन्न घटले होते आणि त्यांच्यात निद्रानाश वाढला. परंतु ज्या रुग्णालयात पर्यवेक्षकांना सौजन्याने वागण्याचे आणि नीट माहिती देण्याचे प्रशिक्षण दिले होते तेथे हा त्रास लक्षणीयरीत्या कमी राहिला. विश्वस्तांपुढे मांडण्यासाठी हा दाखला उपयोगी पडावा.

रात्रपाळीचा

सर, आपला शेवटचा दाखला मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा अस्वस्थ झालो. पगार घटला, तो घटलेलाच राहिला, आणि वरिष्ठ गोड बोलायला शिकले म्हणून परिचारिकांना झोप लागू लागली. विश्वस्तांपुढे हे मांडले तर ते यातून काय शिकतील याची मला भीती वाटते. प्रशिक्षणाचा खर्च पगारवाढीपेक्षा स्वस्त पडतो.

मी या जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, कंत्राटदारामार्फत. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा तंत्रज्ञ कायम आहे. रक्ताची नळी दोघांच्या हातात सारखीच असते. आमचे वरिष्ठ अत्यंत सभ्य आहेत, ‘अहो’ म्हणतात, वाढदिवसाला केक आणतात, आणि दर वर्षी माझे कंत्राट का वाढवले जाते पण नोकरी का कायम होत नाही हे शांतपणे समजावूनही सांगतात. आपल्या मोजपट्टीवर मी वागणुकीला आणि माहितीला पैकीच्या पैकी गुण देईन. ते गुण जमेस धरून सरासरी काढली तर मी समाधानी कर्मचारी ठरेन. म्हणून कृष्णाकाठची ताईंना माझे सांगणे आहे की चार भागांची एक सरासरी कधीही काढू नका.

दुसरी गोष्ट, प्रश्नावली कोणाला देणार आहात? आपण लिहिलेल्या पगारवाढीच्या यादीत मामा-मावशी आहेत, ते रुग्णालयाच्या पटावरचे असतील. सफाईचे काम कंत्राटावर असेल तर त्या मावशी त्या दोन हजारांत होत्या का? सूचनापेटी जिन्याखाली ठेवली होती, तिच्यावरची धूळ पुसणाऱ्या बाईला त्या पेटीत चिठ्ठी टाकण्याचा अधिकार आहे असे वाटले असेल का?

मी पाहिलेली घटना सांगतो. आमच्याकडे एका सफाई मावशींना पिवळ्या पिशवीतून सुई टोचली. सुई पांढऱ्या डब्यात जायला हवी होती, पिशवीत टाकणारा दुसराच कोणीतरी होता. चौकशी झाली ती मावशींची, की हातमोजे का घातले नव्हते. नंतर कळले की कायम कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस ‘बी’ची लस दिलेली होती आणि कंत्राटावरच्या मावशींना नव्हती, कारण ‘त्या आपल्या पटावर नाहीत’. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम मात्र पट विचारत नाहीत. जो कोणी हा कचरा हाताळतो त्याला हिपॅटायटिस ‘बी’ आणि धनुर्वाताविरुद्ध लस देण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. वेतनाचेही तसेच. कंत्राटदाराने पैसे बुडवले तर ते मूळ आस्थापनेने द्यायचे ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. त्या आठवड्यात आमच्यातले बरेच जण चार-पाच दिवस रुग्णालयातच अडकून राहिले, आणि ज्यांच्या गावांचे रस्ते पाण्याखाली होते ते पोचू शकले नाहीत. पूर ओसरल्यावर सत्कार झाला. डॉक्टर आणि सिस्टर यांना शाल आणि श्रीफळ मिळाले, ते त्यांना मिळायलाच हवे होते. पाच दिवस जिना धुणाऱ्यांची नावे यादीत नव्हती. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यापैकी कायम असलेल्यांना विशेष रजा मिळाली, कंत्राटी लोकांचे पैसे कापले गेले. पाणी दोघांच्याही घरात एकाच उंचीचे होते.

अजिंक्यताऱ्याखालचा

आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मी वर्गातही मांडायला हवा होता. एवढेच जोडतो की ग्रीनबर्गच्याच १९९० च्या कारखान्यांवरील अभ्यासात दहा आठवड्यांसाठी पंधरा टक्के वेतन कापले गेले, तेव्हा नीट कारण सांगितलेल्या कारखान्यात चोऱ्या कमी वाढल्या, परंतु थांबल्या नाहीत. स्पष्टीकरणाने जखमेची आग कमी होते, जखम तशीच राहते. सरासरी न काढण्याची सूचना अगदी योग्य.

पंचवीस खाटा

मी विटा परिसरात एक लहान रुग्णालय चालवतो, त्यामुळे या चर्चेतला खलनायक मीच आहे असे धरून लिहितो. योजनांची आणि विमा कंपन्यांची बिले महिनोन्‌महिने अडकतात, पगार मात्र सात तारखेला द्यावा लागतो. तरीही माझी खरी अडचण पैशांची नाही, निर्णयाचे कारण लिहून दाखवण्याची आहे. माझ्याकडे शस्त्रक्रियागृहाचा एक तंत्रज्ञ आहे. त्याला मी इतरांपेक्षा जास्त देतो, उशिरा आला तर बोलत नाही आणि मागेल तेव्हा रजा देतो. तो गेला तर माझ्या शस्त्रक्रिया बंद पडतील, हे त्यालाही माहीत आहे आणि इतरांनाही. हे कारण मी भिंतीवर कसे टांगू? अधिसेविकाबाईंचे रकाने मोठ्या रुग्णालयात शोभतात. जेथे प्रत्येक कामाला एकच माणूस आहे, तेथे सर्वांना सारखा नियम लावायचा म्हटले तर त्या एका माणसाला गमवायची तयारी ठेवावी लागते.

निवृत्त अधिसेविका

डॉक्टरसाहेब, आपल्या तंत्रज्ञाला जास्त पगार मिळतो याचा राग मला वाटते फारसा कोणी धरत नसेल, कौशल्याची किंमत कामगारालाही कळते. राग असेल तो उशिरा येण्याचा. पगाराचे कारण आपण सर्वांसमोर खुशाल सांगू शकता. उशिरा येण्याला कारण नाही, म्हणून ते लिहिता येत नाही. आणि सिस्टरला दोन वर्षे त्याच्या हाताखाली शिकू दिलेत तर दोघेही एकमेव राहणार नाहीत.

पंचवीस खाटा

शिकलेली सिस्टर मग मिरजेला जाते, बाई. हे दोनदा झाले आहे. तरी उशिरा येण्याबद्दलचे आपले म्हणणे मनाला लागले, ते नाकारत नाही.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मध्ये तीन आठवडे गेले, म्हणून काय झाले ते कळवते.

प्रश्नावली अजून छापलेली नाही. तिचा मसुदा मी दोन सिस्टर, एक तंत्रज्ञ आणि एक मामा यांच्यासमोर वाचला तेव्हा मामांनी ‘वरिष्ठ आपल्याशी आदराने वागतात का?’ या प्रश्नावर विचारले, “वरिष्ठ म्हणजे कोण? मला तर सगळेच वरिष्ठ.” तो प्रश्न आता डॉक्टर, सिस्टर आणि कार्यालय असा तीनदा विचारायचा ठरला आहे. सरासरी काढणार नाही.

ड्युटी लिस्टची मोजदाद दोन वॉर्डांत टांगली. एका इनचार्ज सिस्टरने स्वतःहून चौथा रकाना आखला, दुसऱ्या अजून माझ्याशी मोजकेच बोलतात. त्यांच्या दृष्टीने मी त्यांच्या अधिकारावर अविश्वास दाखवला आहे, आणि ही गोष्ट टांगण्याआधी मी त्यांना विचारले नव्हते हेही खरे आहे. इतरांना विचारा म्हणून सांगताना मी स्वतः विचारायचे विसरले.

सेवाज्येष्ठतेनुसार वाढीचा प्रस्ताव विश्वस्तांनी पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलला. शंभर खाटांवरील रुग्णालयांबाबतची शिफारस मी बैठकीत वाचून दाखवली, त्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. ग्रीनबर्गचा २००६ चा दाखला मात्र मी मुद्दाम वाचला नाही.

‘रात्रपाळीचा’ यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला जड जाते आहे. आमच्याकडे सफाईचे काम कंत्राटावर आहे, आणि त्या मावशी दोन हजारांत नव्हत्या. त्यांच्या वेतनाबद्दल कंत्राटदाराशी बोलणी सुरू आहेत, त्यात यश येईल की नाही ते आज सांगता येत नाही. लसीकरणाची नोंदवही मात्र मी त्याच दिवशी काढून पाहिली. त्यांच्यापैकी एकीचेही नाव तिच्यात नव्हते. येत्या मंगळवारी पहिला डोस आहे. त्यासाठी यादी करायला बसलो तेव्हा दोन मावशींची पूर्ण नावे आमच्या कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हती, कंत्राटदाराच्या कागदावर एकीपुढे नुसते ‘तिसरा मजला’ असे लिहिलेले होते. आज सकाळी सातला, त्यांची पाळी सुरू होते त्या वेळी, खाली जाऊन दोघींची नावे विचारून लिहून घेतली.